पिकातील लेक्टिन प्रथिने : कोठे तयार होतात, काय करतात

(भिवंडी तालुक्यातील भात आणि वाल उत्पादक शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपल्यापुढे एका प्रथिनाची माहिती ठेवावयाची आहे. त्याचे नाव आपल्या फारसे कानावर आले नसेल, परंतु ते आपल्या कणगीत आहे, बियाण्याच्या पोत्यात आहे आणि रोजच्या जेवणातही आहे. या प्रथिनाचे नाव लेक्टिन.

हा विषय निवडण्याचे कारण असे. भिवंडीला ठाणे, कल्याण आणि मुंबईची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे. आपला वाल, आपला तांदूळ घेणारा शहरातील ग्राहक अलीकडे प्रश्न विचारू लागला आहे. "गव्हात आणि वालात लेक्टिन नावाचे विष असते म्हणे, मग ते खावे का?" असे तो विचारतो. आपल्याला उत्तर देता आले नाही, तर ग्राहक माल घेण्याचे टाळतो. दुसरीकडे, वाल अर्धवट शिजवून खाणे किंवा एरंडीची पेंड जनावरांच्या तोंडी लागू देणे यात खरोखरच धोका आहे. तेव्हा भीती कोठे बाळगावी आणि कोठे बाळगू नये, हे नीट समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

थोडक्यात सांगावयाचे तर, लेक्टिन हे वनस्पतीचे स्वतःचे राखणदार प्रथिन आहे. ते झाडाच्या सर्व भागांत सारखे पसरलेले नसते. ठराविक अवयवात, ठराविक वेळी ते तयार होते. ते कोणत्या भागात आहे हे कळले, की बियाणे कसे जपावे, खारजमिनीत काय करावे, वाल कसा शिजवावा आणि गोठ्यात काय घालू नये, या चारही प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

लेक्टिन म्हणजे काय?

प्रत्येक सजीव पेशीच्या बाहेरील बाजूस साखरेच्या लहानलहान साखळ्या असतात. प्रत्येक जातीच्या पेशीवरील साखळी वेगळी असते. लेक्टिन प्रथिन यांपैकी ठराविक साखर ओळखते आणि तिला चिकटते. एका कुलपाला एकच किल्ली लागावी, तसा हा प्रकार आहे. एका लेक्टिनला चिकटण्याच्या जागा एकाहून अधिक असल्यामुळे ते दोन पेशींना एकमेकींना जोडूही शकते. म्हणूनच काही बियांचा अर्क रक्तात मिसळला, तर लाल रक्तपेशींच्या गुठळ्या होतात.

हा गुणधर्म प्रथम एरंडीच्या बियांत आढळला. १८८८ साली स्टिलमार्क या संशोधकाने दोर्पात, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू येथील विद्यापीठात, एरंडीच्या अर्काने रक्तपेशी एकत्र गोळा होतात हे दाखविले. 'लेक्टिन' हे नाव मात्र १९५४ साली बॉइड या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिले. निवडणे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून ते घेतले आहे.

आपल्या कोकणातील कुळथाचेही या विषयात मानाचे स्थान आहे. १९५१ साली भारतात काम करणाऱ्या बर्ड या शास्त्रज्ञाने कुळथाच्या दाण्यातील लेक्टिन 'ए' रक्तगटातील ए-१ आणि ए-२ हे उपगट वेगळे ओळखते, असे दाखविले. तेव्हापासून रक्तपेढ्यांत या तपासणीसाठी कुळथाचा अर्क वापरला जातो. फणसाच्या आठळीतही जॅकलिन नावाचे लेक्टिन असते. हे नाव आपण पुढे पुन्हा घेणार आहोत.

गव्हाच्या दाण्यात लेक्टिन कोठे असते?

भिवंडीत गहू फारसा होत नाही, कारण आपल्याकडे थंडी पुरेशी पडत नाही. तरीही सुरुवात गव्हापासूनच करू. धान्यपिकांपैकी गव्हाच्या लेक्टिनचा अभ्यास सर्वांत जास्त झाला आहे, आणि गव्हाचे पीठ आपल्या घरी रोज मळले जाते.

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग पाडता येतात. बाहेरचा कोंडा, आतला पांढरा पिठाचा साठा आणि टोकाशी असलेला भ्रूण, म्हणजेच अंकुर. अंकुर हा दाण्याच्या वजनाचा अवघा अडीच ते तीन टक्के भाग असतो. गव्हाचे लेक्टिन मुख्यतः या अंकुरात साठविलेले असते. पिठाचा पांढरा साठा ते तयार करीत नाही. पिठाला चिकटपणा देणारे ग्लुटेन मात्र त्या पांढऱ्या साठ्यातच तयार होते. म्हणजे एकाच दाण्यात शेजारीशेजारी असलेल्या दोन ऊती दोन वेगळी प्रथिने तयार करतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण ग्राहकाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यात आहे.

एका कोरड्या अंकुरात सुमारे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, इतके लेक्टिन असते. हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरले, तर एक किलो गव्हात २५ हजार दाणे होतात. या हिशेबाने एक किलो गव्हात लेक्टिन सुमारे २५ मिलिग्रॅम भरते.

अंकुरातही ते सगळीकडे नसते. कोवळ्या मुळाचा बाहेरचा थर, त्या मुळावरील आवरण आणि मुळाच्या टोकावरील टोपी या ठिकाणी ते एकवटलेले असते. बी रुजताना जे भाग मातीला सर्वांत आधी भिडतात, तेच हे भाग. भाताच्या अंकुरातही गव्हाच्या लेक्टिनशी जवळचे नाते असलेले लेक्टिन असते, आणि ते कोंबाच्या आवरणातही आढळते.

सरबती गहू, बन्सी गहू आणि खपली यांच्यात या बाबतीत थोडा फरक आहे. सरबती गव्हात ४२ गुणसूत्रे असून ती तीन पूर्वज गवतांकडून आलेल्या तीन संचांची आहेत. प्रत्येक संच लेक्टिनचा स्वतःचा एक प्रकार तयार करतो, म्हणून सरबती गव्हात तीन प्रकार सापडतात. बन्सी आणि खपली यांच्यात २८ गुणसूत्रे म्हणजे दोनच संच असल्याने लेक्टिनचे प्रकारही दोनच असतात. परंतु खपलीत लेक्टिन नसतेच, असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये.

पेशीत हे प्रथिन कसे तयार होते?

दाणा भरत असताना अंकुराची घडण सुरू होते. त्याच काळात अंकुराच्या पेशी लेक्टिन तयार करतात. पेशीतील जनुकाचा संदेश वाचून प्रथम थोडी लांब साखळी तयार होते. तिच्या शेवटी एक लहान शेपटी असते. ही शेपटी म्हणजे टपालाच्या पाकिटावरील पत्त्यासारखी असते. हे प्रथिन पेशीतील रसाच्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत, पोचवावयाचे आहे, असे ती सांगते. प्रथिन तेथे पोचत असताना शेपटी कापली जाते आणि १७१ अमिनो आम्लांची पक्की साखळी उरते. अशा दोन साखळ्या मिळून लेक्टिनचा एक रेणू होतो.

प्रत्येक साखळी आतून गंधकाच्या १६ पुलांनी बांधलेली असते. घराला जसे तुळईंनी बळकटी येते, तशी या पुलांमुळे प्रथिनाला बळकटी येते. त्यामुळे पोटातील पाचकरस त्याला सहजासहजी तोडू शकत नाहीत. कोरड्या उष्णतेलाही ते बराच वेळ दाद देत नाही. पाण्यासह उष्णता दिली, तर मात्र त्याची घडी मोडते आणि साखर ओळखण्याची त्याची शक्ती जाते.

ही सर्व घडामोड अॅब्सिसिक आम्ल या संजीवकाच्या इशाऱ्याने वाढते. दाणा पक्व होताना हेच संजीवक त्याला कणसातच उगवू नये म्हणून थोपवून धरते. तेच संजीवक अंकुराला लेक्टिन साठविण्यासही सांगते.

रोप वाढताना काय होते?

बी रुजले की लेक्टिनचे प्रमाण हळूहळू उतरते. सुमारे ३४ दिवसांच्या गव्हाच्या रोपात ते सुरुवातीच्या निम्म्यावर आलेले आढळले. उरलेले लेक्टिन मुळांत आणि खोडाच्या तळाशी, म्हणजे बुंध्यात असते. बुंधा हा फुटवे निघण्याचा भाग आहे. तो कुजला तर रोपच जाते. म्हणून राखणदार प्रथिन तेथे असणे सयुक्तिक वाटते.

रोपावर संकट आले, तर मात्र उतरणारे प्रमाण पुन्हा वर जाते. १९८९ साली बेल्जियममधील ल्युव्हेन येथील शास्त्रज्ञांनी गव्हाच्या कोवळ्या रोपांना पाण्याचा ताण दिला. तेव्हा मुळांत अॅब्सिसिक आम्ल वाढले आणि त्याबरोबर लेक्टिनही वाढले. रशियातील उफा येथील शास्त्रज्ञांनी क्षाराच्या ताणाखालील गव्हाच्या रोपांतही अशीच वाढ नोंदविली आहे. यावरून असे दिसते की पिकाच्या मुळांना जमिनीतील संकटाची चाहूल लागते आणि ती आपले राखणदार वाढवितात.

हे राखणदार नेमके काय करते, याविषयी मात्र तोलून बोलले पाहिजे. गव्हाचे लेक्टिन कायटिन या पदार्थाला चिकटते. बुरशीची भिंत आणि किडींच्या आतड्यातील पातळ पडदा कायटिनचे असतात. वनस्पतीत कायटिन नसते. १९७५ साली हे लेक्टिन बुरशीची वाढ थांबविते, असे जाहीर झाले. परंतु पुढे अधिक शुद्ध केलेल्या लेक्टिनने तसा परिणाम दिला नाही. आधीच्या नमुन्यात कायटिन तोडणारे दुसरे विकर मिसळले असावे, असा निष्कर्ष निघाला. किडींच्या बाबतीत पुरावा अधिक भक्कम आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कडधान्यातील भुंगेऱ्याला गव्हाचे लेक्टिन मिसळलेले कृत्रिम दाणे खाऊ घातले, तेव्हा त्याच्या अळीची वाढ मंदावली. म्हणून लेक्टिन बुरशीनाशकाचे काम करते असे समजून बीजप्रक्रिया टाळणे योग्य होणार नाही.

खारजमिनीतील भात

आता गव्हाकडून आपल्या भाताकडे वळू. भिवंडी तालुक्यात पडघा, अंबाडी, दुगाड या बाजूची खाचरे गोड्या पाण्याची आहेत. उल्हास नदीच्या खाडीकाठी मात्र काल्हेर, कशेळी, अंजूर या बाजूस उधाणाचे पाणी शेतात शिरण्याची भीती असते. गोदामांनी आणि रस्त्यांनी तालुक्यातील बरीच शेतजमीन व्यापली आहे. त्यामुळे जी खाचरे उरली आहेत, त्यांचे मोल वाढले आहे.

क्षाराचा ताण पडला की भातात एक वेगळे लेक्टिन तयार होते. १९९० साली बेल्जियममधील गेंट येथील शास्त्रज्ञांनी भाताच्या रोपांना मिठाचा आणि कोरडेपणाचा ताण देऊन पाहिले. तेव्हा मुळांत आणि पर्णकोषात, म्हणजे खोडाला वेढणाऱ्या पानाच्या खालच्या भागात, एका जनुकाचे काम जोरात सुरू झाले. पानाच्या पात्यात मात्र ते सुरू झाले नाही. पुढे कळले की या जनुकापासून तयार होणारे प्रथिन लेक्टिनच आहे. ते फणसाच्या आठळीतील जॅकलिनच्या कुळातले आहे. खाडीकाठचा भात आणि परसातला फणस यांचे असे नाते आहे.

यातून शेतकऱ्याने दोन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली, क्षाराचा मारा रोप प्रथम मुळांत आणि बुंध्याजवळ झेलते. पाते पिवळे पडून टोके करपलेली दिसतात, तोपर्यंत खाली बराच वेळ झुंज चाललेली असते. म्हणून पाते पाहून उपाय करण्याची वाट पाहू नये. दुसरी, हे लेक्टिन वाढणे ही ताणाची खूण आहे, सहनशक्तीची हमी नव्हे. रोप जेवढी शक्ती ताणाशी झगडण्यात घालवील, तेवढी फुटव्यांना आणि दाण्यांना कमी मिळेल.

जमिनीच्या पाण्याच्या अर्काची विद्युतवाहकता ३ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत असेल, तर भाताचे उत्पादन सहसा घटत नाही. त्यापुढे प्रत्येक एककाला सुमारे १२ टक्के घट येते, असे जागतिक पातळीवर मानले जाते. गहू मात्र ६ पर्यंत टिकून राहतो. भात पाण्यात वाढतो म्हणून तो खारे पाणी सोसेल, हा समज चुकीचा आहे. रोप अवस्था आणि फुलोरा या दोन वेळी भात क्षाराला फार नाजूक असतो.

त्यासाठी पुढील काळजी घ्यावी. एप्रिल-मे महिन्यात खाचरातील मातीचा नमुना तपासून घ्यावा. पावसाळ्यापूर्वी बांध आणि उघाडीची दारे दुरुस्त करावीत. पहिल्या जोरदार पावसाचे गोडे पाणी खाचरात साठवून ते ओहोटीच्या वेळी बाहेर सोडावे. असे दोन-तीन वेळा केल्याने क्षार धुपून जातात, त्यानंतरच लावणी करावी. रोपे फार कोवळी नसावीत आणि एका चुडात नेहमीपेक्षा थोडी जास्त रोपे लावावीत. वाण निवडताना दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने दिलेल्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ यांसारख्या क्षार सोसणाऱ्या वाणांचा विचार करावा.

तुडतुडे आणि लेक्टिन

येथे एक प्रश्न सहज मनात येईल. भातात स्वतःचे लेक्टिन असताना तपकिरी तुडतुडे भाताला का सोडत नाहीत? याचे एक कारण पुन्हा ऊतींच्या फरकात सापडते. तुडतुडा पाते किंवा मूळ कुरतडत नाही. तो सोंड खुपसून अन्नरसाच्या वाहिनीतून रस शोषतो. राखणदार एका दाराशी आणि चोर दुसऱ्या दाराशी, अशी ही स्थिती आहे.

हे ओळखून शास्त्रज्ञांनी दुसऱ्या वनस्पतीचे लेक्टिन नेमके अन्नरसाच्या वाहिन्यांत तयार होईल, असा भात प्रयोगशाळेत घडविला. १९९८ साली स्नोड्रॉप या युरोपातील फुलझाडाचे लेक्टिन असलेल्या भातावर तपकिरी तुडतुड्यांचे जगणे आणि वाढ कमी झाल्याचे प्रसिद्ध झाले. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये लसणाच्या पानांतील लेक्टिन घेऊन असेच काम झाले. मात्र असा जनुकीय बदल केलेल्या भाताला भारतात लागवडीची परवानगी नाही. तेव्हा या नावाने कोणी बियाणे विकत असेल, तर ते घेऊ नये. तुडतुड्यांसाठी दाट लावणी टाळणे, नत्र बेताने देणे, अधूनमधून खाचरातील पाणी काढणे आणि चुडाच्या बुंध्याशी नियमित पाहणी करणे हेच खात्रीचे उपाय आहेत.

वाल : शेतात आणि स्वयंपाकघरात

भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल घेण्याची आपल्या भागातील पद्धत फार चांगली आहे. कडधान्यांच्या मुळांतील लेक्टिन मातीतील रायझोबियम जिवाणूंशी ओळख पटविण्यास मदत करते. १९८९ साली हॉलंडमधील शास्त्रज्ञांनी वाटाण्याच्या लेक्टिनचे जनुक पांढऱ्या क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाच्या मुळांत घातले. एरवी वाटाण्यावर गाठी करणारे जिवाणू तेव्हा क्लोव्हरच्या मुळांवरही गाठी करू लागले. म्हणजे प्रत्येक पिकाचे मूळ आपल्या ओळखीच्या जिवाणूलाच आत घेते. म्हणून वालाला बीजप्रक्रिया करताना कोणतेही संवर्धन चालेल असे समजू नये. चवळी गटाचे रायझोबियम मागून घ्यावे आणि १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात चोळावे.

वालाच्या दाण्यात लेक्टिनचा साठा असतो, तसेच पचनाला अडथळा आणणारी इतर द्रव्येही असतात. गव्हात ते इवल्या अंकुरात असते. कडधान्यात मात्र ते डाळिंब्यांत, म्हणजे आपण खातो त्याच भागात असते. त्यामुळे शिजविण्याला महत्त्व आहे. आपल्या घरातील बायका वाल रात्रभर भिजवितात, पाणी फेकतात, मोड आणतात, सोलतात आणि मग बिरडे शिजवितात. ही रीत शास्त्राला धरून आहे. भिजविण्याने पाण्यात विरघळणारी द्रव्ये निघून जातात आणि दाणा आतपर्यंत ओला होतो. ओल्या दाण्यात उष्णता आतपर्यंत पोचून लेक्टिन निकामी होते. परंतु केवळ मोड आणणे पुरेसे नाही. मोड आलेले कडवे वाल कच्चे किंवा अर्धे कच्चे खाऊ नयेत.

राजम्याच्या बाबतीत तर फार जपावे. राजम्यातील लेक्टिन कडधान्यांत विशेष जहाल आहे. चार-पाच कच्च्या दाण्यांनीही उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. सुमारे ८० अंश सेल्सिअस इतक्या मंद आचेवर तो तासन् तास ठेवला, तर त्रास कमी होण्याऐवजी वाढतो. राजमा किमान ५ तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात ३० मिनिटे खळखळून उकळावा. प्रेशर कुकरमध्ये पूर्ण शिजविलेल्या राजम्याची भीती बाळगू नये.

गोठ्यात घ्यावयाची काळजी

भिवंडीच्या आसपास म्हशींचे तबेले बरेच आहेत. एरंडीच्या बियांतील रिसिन हेही लेक्टिनच आहे आणि ते अत्यंत विषारी आहे. तेल गाळल्यावर ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. म्हणून एरंडीची पेंड हे उत्तम खत असले, तरी ती जनावरांच्या खाद्याच्या पोत्यांजवळ कधीही ठेवू नये. शेतात टाकल्यावर मातीत मिसळून घ्यावी. कुत्रीही वासाने तिच्याकडे येतात.

वालाचा हिरवा पाला आणि मळणीनंतरचा भुसा जनावरांना चांगला, कारण लेक्टिनचा मुख्य साठा दाण्यात असतो. मोठ्या गाई-म्हशींच्या कोठीपोटातील जिवाणू काही प्रमाणात लेक्टिन मोडून टाकतात. लहान वासरांना आणि कोंबड्यांना ही सोय नसते. म्हणून किडके किंवा फुटके कडधान्य त्यांना द्यावयाचे असल्यास शिजवून द्यावे.

मग गहू खावा की नाही?

ग्राहकाच्या मूळ प्रश्नाकडे आता परत येऊ. गव्हातील लेक्टिन फार थोडे आहे आणि आपण गहू कच्चा खात नाही. शिजविलेल्या पास्त्याची, म्हणजे आपल्या शेवयांसारख्या पदार्थाची, तपासणी केली तेव्हा त्यात कार्यक्षम लेक्टिन आढळले नाही. पाण्यात मळून नीट भाजलेली पोळी निरोगी माणसाने लेक्टिनच्या भीतीने सोडण्याचे कारण नाही. कच्चा अंकुर किंवा न भाजलेला कोंडा मात्र मूठमूठ खाऊ नये. गव्हांकुराचा रस काढणाऱ्यांनी मुळे आणि तळाचा पांढरट भाग सोडून वरचे हिरवे पाते कापावे, कारण लेक्टिन त्या तळाच्या भागात असते.

ज्यांना सिलियाक हा आतड्याचा विकार आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांना त्रास होतो तो पांढऱ्या साठ्यातील ग्लुटेनमुळे, अंकुरातील लेक्टिनमुळे नव्हे. ग्लुटेन शिजवून जात नाही. म्हणून अशा व्यक्तींनी गहू आणि खपली दोन्ही वर्ज्य करावेत आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. खपली चालेल असे सांगून अशा ग्राहकाला माल विकणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होईल.

बियाण्याचा अंकुर जपा

शेवटचा मुद्दा बियाण्याचा. राखणदार प्रथिन अंकुराच्या बाहेरच्या थरात असले, तरी अंकुरच फुटला किंवा किडीने खाल्ला, तर त्याचा उपयोग नाही. खपरा भुंगेऱ्याची अळी धान्याचा अंकुर आधी खाते. असा दाणा वरून भरलेला दिसतो, पण उगवत नाही. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

१. बियाण्याची मळणी जोरात झोडून किंवा ट्रॅक्टर फिरवून करू नये. त्याने अंकुराला इजा होते.

२. गव्हाचे बियाणे १२ टक्के, भाताचे १३ टक्के आणि वालाचे ९ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून साठवावे.

३. वालाच्या बियाण्यास किलोला ५ मिली गोडेतेल चोळून ते घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवावे, म्हणजे भुंगेरे दाण्यावर अंडी घालण्यास धजत नाहीत.

४. भाताचे बियाणे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाकावे. तरंगणारे पोकळ दाणे काढून टाकावेत. तळाचे दाणे दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत.

५. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. भाताचे ८०, गव्हाचे ८५ आणि वालाचे ७५ दाणे उगवले पाहिजेत. कमी उगवल्यास बियाणे बदलावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, लेक्टिन हे पिकाने स्वतःच्या रक्षणासाठी घडविलेले साधन आहे. जमिनीत ते पिकाच्या उपयोगाचे आहे, म्हणून बियाण्याचा अंकुर जपावा आणि मुळांवरील ताण कमी करावा. ताटात आणि दावणीत येण्यापूर्वी ते निकामी करावयाचे असते, म्हणून पाणी आणि आच यांत कसूर करू नये. पुढच्या वेळी ग्राहकाने वालाबद्दल विचारले, तर त्याला भिजविण्याची आणि शिजविण्याची रीत सांगून निःशंकपणे माल द्यावा.